टपालाच्या वाटेवरचे सहा पब

वॉली नोस्केच्या मागच्या दाराला माश्यांची जाळी अर्धीच ठोकलेली होती. वरची आणि डावी बाजू पक्की, उजवा कोपरा मोकळा, वाऱ्याने फडफडणारा. हातोडी पायरीवर पडलेली, खिळ्यांचा डबा पालथा. मी त्या सोमवारी त्याच्या कुत्रीला आमच्याकडे घेऊन यायला गेले होते. वॉली आणि आमचे हे सकाळीच निघून गेले होते. जाळीच्या फटीतून माश्या आत-बाहेर करत होत्या. मी कोपऱ्यावर एक वीट टेकवून ठेवली आणि कुत्रीला गाडीत घातलं.

वॉलीचं घर आमच्या विराबीन गावापासून पस्तीस किलोमीटरवर. पत्र्याचं छप्पर, दोन पाण्याच्या टाक्या, एल्सीने लावलेलं एक लिंबाचं झाड. एल्सी म्हणजे त्याची बायको, ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी रोस्लिन ॲडलेडला असते. तिने बापासाठी एक खोली रंगवून तयार ठेवली होती. वॉली एकदा आठ दिवस राहून आला. म्हणाला, "शेजाऱ्याने संडासात साखळी ओढली की मला माझ्या पलंगावर कळतं." परत गेला नाही.

एकोणतीस वर्षं त्याने आमच्या भागातलं टपाल वाहिलं. मंगळवारी जायचं, बुधवारी यायचं. शुक्रवारी जायचं, शनिवारी यायचं. पाचशे किलोमीटरचा रस्ता, त्यावर मेंढरं पाळण्याची सतरा ठाणी, म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली कुरणं, आणि सहा पब. पत्रं, पाव, औषधं, पंपाचे पट्टे, कोंबडीची पिल्लं, एकदा चर्चच्या पाळकांसाठी प्रभुभोजनाचा द्राक्षरस, एकदा एका मुलीच्या लग्नाचा तीन मजली केक. केक पोचला तेव्हा दोन मजली झाला होता, पण पोचला. रविवारी उपासनेला मात्र तो नेहमी हजर, शेवटून दुसऱ्या बाकावर, धुतलेल्या शर्टात.

त्याच्या आधीचा टपालवाला पबापबात थांबत पीत जायचा. एकदा पावसात त्याने ट्रक उलटवला आणि पत्रं ओढ्यातून वाहून गेली. वॉलीने काम घेतलं त्याच दिवशी ठरवलं की टपालाच्या वाटेवर एक थेंबही घ्यायचा नाही. घरी शनिवारी बिअर प्यायचा, तो काही सोवळा नव्हता. पण त्या सहा पबांत एकोणतीस वर्षं फक्त चहा. प्रत्येक पबात गल्ल्यामागे खिळ्याला त्याचा पांढरा पत्र्याचा मग टांगलेला असे. बाकीचे लोक हसायचे, मग कंटाळून हसायचे थांबले.

आणखी एक नियम त्यानेच घालून दिला होता. निघताना कुठल्या रस्त्याने चाललोय ते पबवाल्याला सांगायचं. पबवाल्याने पुढच्या पबला फोन करायचा. पोचलं की आधी फोन, मग घसा ओला. आणि ठरल्या वेळेनंतर तीन तास गेले, की कुणाची वाट बघायची नाही, पोलिसाला कळवायचं आणि दोन्ही बाजूंनी गाड्या काढायच्या. त्र्याहत्तर सालच्या पुरात या नियमानेच तो स्वतः जिवंत राहिला. आता तिकडचे सगळेच लोक तो पाळतात, कुणी केला ते नव्यांना ठाऊकही नसतं.

वॉली आता त्र्याहत्तर वर्षांचा. सत्तरी उलटली की आमच्याकडे गाडी चालवायला दरवर्षी डॉक्टरचा दाखला लागतो. त्याच्या डोळ्यांना मधलं दिसेनासं झालं होतं, कडेकडेचं दिसायचं. माणसाशी बोलताना तो कोंबडीसारखी मान तिरकी करायचा. उपासनेनंतरच्या चहाला त्याने एकदा किटलीतला चहा कपाशेजारी बशीत ओतला आणि पाळकांच्या बायकोला "काय थेल्मा" म्हणाला. थेल्मा मी. तरी गेली दोन वर्षं त्याला दाखला मिळत होता. कसा, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. या वर्षीची तारीख मार्चमधल्या एका गुरुवारची होती. दाखला गेला की गाडी गेली, गाडी गेली की पस्तीस किलोमीटरवरचं घर गेलं, आणि मग रोस्लिनची रंगवलेली खोली. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या गुरुवारच्या दोन आठवडे आधी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. यांना म्हणाला, "बुटक्या, चल. सहाही पबांत एकेक बिअर पिऊन येऊ. तू चालव, मी पितो."

आमच्या यांचं नाव हर्ब. शाळेत वॉलीच्या शेजारी बसायचे, तेव्हापासून हे बुटक्या आणि तो खांब. हे खुर्चीत बसले की टाचा जमिनीला लागत नाहीत, आणि वॉली आमच्या दारातून वाकून आत येतो.

हे म्हणाले, "तू पिणार आणि मी बघणार? हा कुठला न्याय?"

"एकोणतीस वर्षं मी बघत होतो. तुला एक आठवडा जड जातोय होय?"

मी मध्ये बोलले. "वॉली, चालवणार हर्ब. गाडी तुझी असली तरी. हो म्हण."

"हो."

"माझ्याकडे बघून म्हण."

"थेल्मा, बघून काय उपयोग, मला मध्ये तू नाहीसच. तुझ्या दोन्ही बाजूंची खिडकी दिसते." मग म्हणाला, "हो. हर्ब चालवेल."

पहिल्या संध्याकाळी पार्टाकूनाच्या पबमधून यांचा फोन आला. पबवाला कॉन हेगार्टीने वॉलीला दारात बघितल्याबरोबर सवयीने किटली ठेवली होती. वॉली म्हणाला, "चहा नको. बिअर दे." कॉनने किटली बंद केली आणि हळूच विचारलं, "वॉली, कोण गेलं रे?"

वॉलीने एक ग्लास सावकाश संपवला. म्हणाला, "इतकी वर्षं वाटायचं, यांची बिअर काही वेगळी असेल. तीच आहे."

दुसरा दिवस दुसरा पब. तिसरा पब बंद पडून चार वर्षं झाली होती, नुसतं धुराडं उभं होतं. धुराड्याच्या सावलीत बसून वॉलीने बर्फाच्या पेटीतली बाटली प्यायली आणि रिकामी बाटली चुलीच्या कोनाड्यात नीट उभी करून ठेवली. चौथा पब बेलूनीचा. तिथून गुरुवारी फोन आला. उद्या सकाळी नऊला निघू, नव्या रस्त्याने, दुपारी बाराला सँडी बोअर. मी वहीत लिहून ठेवलं. रोजचं मी लिहितेच.

शुक्रवारी उष्मा एकेचाळीस अंशांवर गेला होता. मी वेदीवरच्या पांढऱ्या चादरीला इस्त्री करत होते, रविवारसाठी. तीन वाजता फोन वाजला. सँडी बोअरच्या पबची मालकीण ग्लेनिस.

"थेल्मा, तुझी दोन पोरं अजून आली नाहीत गं. बेलूनीहून नऊलाच निघालीत."

"रस्त्यात कुठे गप्पा मारत बसले असतील."

"कुणाशी? सरड्यांशी?" मग तिचा आवाज उतरला. "तीन तास झाले बघ. बेलूनीच्या पोलिसाला कळवू ना?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. पण पोलीस आला की विचारणार, गाडी कोण चालवत होतं. विचारलं की वॉलीच्या डोळ्यांचा विषय निघणार, आणि गुरुवार यायच्या आतच सगळं संपणार. आमच्या यांनीच गाडी चालवली असेल अशी माझी खात्री नव्हती. मला दोघंही चांगले माहीत आहेत.

मी म्हटलं, "वीस मिनिटं थांब. येतीलच."

फोन ठेवला. उरलेल्या चादरीवर इस्त्री फिरवली, घडी केली. प्रार्थनेला बसले, पण काय मागावं ते सुचेना. त्यांना सुखरूप आण म्हणावं, तर फोन मीच खाली ठेवला होता. तीन वाजून वीस मिनिटांनी मी ग्लेनिसला म्हटलं, "कळव." वहीत दोन्ही वेळा लिहिल्या. बाकी काही लिहिलं नाही.

तिकडे काय झालं ते मला नंतर दोघांनी आपापल्या परीने सांगितलं, आणि दोघांचं बरंचसं जुळलं.

बेलूनीच्या पुढे फाटा आहे. उजवीकडे नवा खडीचा रस्ता, डावीकडे जुनी टपालाची वाट. तिच्यावरून आता कुणी जात नाही. फाट्यावर वॉली म्हणाला, "थांब."

"का? लघवीला?"

"मी चालवतो. जुन्या वाटेने. आज एक थेंब घेतलेला नाही."

"थेल्माला हो म्हणालायस."

"थेल्मा इथे नाही."

"ती नसली तरी असते," हे म्हणाले. पण खाली उतरले. यांनी मला नंतर सांगितलं, "त्याने हात पुढे केला किल्लीसाठी. मी काय करणार?"

वॉलीने सीट मागे सरकवलं आणि साठ किलोमीटर गाडी एकदाही वाकडी न घेता चालवली. दिसत नव्हतं, पण सगळं पाठ होतं. "आता डावीकडे रिकामी टाकी येईल," म्हणायचा, आणि टाकी यायची. "आता तीन जळलेली झाडं." झाडं यायची. हे मोजत बसले होते. एकही चुकलं नाही.

मग ओढा आला. दोन मोठी निलगिरीची झाडं आणि त्यांच्या मधून सरळ उतार, अशी ती जागा होती. पण आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि तीन हिवाळ्यांपूर्वीच्या पुराने काठ कापून नेला होता, आणि तिथल्या मेंढरांच्या ठाण्यावरच्या माणसांनी उतार अर्धा किलोमीटर खाली हलवला होता.

हे म्हणाले, "खांबा, वाट डावीकडे वळतेय."

"ती गुरांची वाट. झाडं दिसली ना दोन?"

"झाडं आहेत, पण—"

"मग सरळ."

सरळ जाऊन गाडीचं नाक वाळूत बसलं. पुढचा आस मोडला. यांची जीभ चावली गेली, वॉलीला काही झालं नाही. गाडी बंद पडली. मग वॉली म्हणाला, "काठ कुठे गेला?"

"वाहून गेला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगत होतो की."

असे प्रसंग आमच्याकडच्या माणसांना नवे नाहीत. गाडी सोडून जायचं नाही, सावलीत बसायचं, पाणी मोजून प्यायचं. पाणी पुरेसं होतं. बर्फाच्या पेटीत सहा बाटल्याही होत्या. यांनी एक पुढे केली, तर वॉली म्हणाला, "गाडी चालवताना नाही."

"ती आता कुठे चालतेय?"

वॉली हसला नाही. त्याला तेव्हा दुसरंच आठवलं होतं. बेलूनीत त्यांनी नवा रस्ता सांगितला होता. शोधायला निघालेली माणसं नव्या रस्त्याने जाणार, पंधरा किलोमीटर पलीकडून. ज्याने नियम केला, त्यानेच एक रस्ता सांगून दुसरा धरला होता.

आता धूर करायचा. पण जास्तीचा टायर एकच, आणि तो माणसं रस्त्यावर असतील तेव्हाच जळायला हवा. वॉलीने वेळ मांडली. बाराला पोचायचं होतं. तीनला ग्लेनिस थेल्माला फोन करणार, थेल्मा लगेच हो म्हणणार. साडेतीनच्या आत गाड्या निघणार. चारला त्या ओढ्याच्या रेषेत येणार. त्याने बरोबर पावणेचारला टायर पेटवला. काळा धूर सरळ वर चढला. तो चार वाजून वीस मिनिटांपर्यंत टिकला आणि मग तारांचा ढीग उरला. कुणी आलं नाही.

"थेल्मा वेळेची पक्की आहे," वॉली यांना म्हणाला. "काहीतरी गडबड झालीय."

मग त्याने मागचं चाक काढायला घेतलं. त्र्याहत्तरीचा माणूस, एकेचाळीस अंश ऊन, बोल्ट न दिसता बोटांनी चाचपून. यांना उन्हाने गरगरायला लागलं होतं, म्हणून त्याने यांना झाडाखाली निजवलं आणि हात लावू दिला नाही. दुसरा टायर पेटवताना पेट्रोलचा भडका उडाला आणि त्याचा उजवा तळहात भाजला. तो धूर बेलूनीचा पोलीस डॅरिल कोव याने पाहिला. गाड्या पोचल्या तेव्हा पाच वाजले होते, ऊन अजून होतं.

डॅरिलने आधी पाणी दिलं, हात बांधला. मग वही काढली.

"चालवत कोण होतं?"

"मी," आमचे हे म्हणाले.

डॅरिलने गाडीत डोकावून पाहिलं. सीट अगदी मागे होतं. मग यांच्या पायांकडे पाहिलं. "हर्ब, या सीटवर बसून तुझे पाय क्लचला पोचतात?"

"आखडले होते. म्हणून मागे घेतलं. धडकल्यावर."

डॅरिलने वहीवर पेन्सिल टेकवली. वॉली तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "वॉली, मी तुला काही विचारलेलं नाही. हर्ब चालवत होता. लिहिलं." आणि वही खिशात घातली.

म्हणजे लायसन्स वाचलं होतं.

सँडी बोअरला ग्लेनिसने दोघांना शिव्या घातल्या, मटणाचं कालवण वाढलं आणि वॉलीपुढे बिअरचा ग्लास ठेवला. त्याने तो सरकवला. "चहा दे. आज गाडी चालवलीय." पबमध्ये डॅरिलसकट सगळे होते. कुणी ऐकलंच नाही असं सगळ्यांनी दाखवलं. ग्लेनिसने खिळ्यावरचा मग काढला, आतलं कोळिष्टक पुसलं आणि चहा ओतला.

शनिवारी पहाटे उठून मी त्यांना आणायला गेले. चारशे किलोमीटर. सहावा पब, यारामंगा, तिथून तीन तासांवर होता. मी वॉलीला विचारलं, जायचंय का. म्हणाला, नको, घरी चल. हे पुढे माझ्या शेजारी, वॉली मागे, बांधलेला हात मांडीवर. तासाभराने वॉलीने विचारलं, "थेल्मा, ग्लेनिसने फोन किती वाजता केला?"

"तीनला."

"आणि पोलिसाला?"

"तीन वीसला. मी तिला थांब म्हटलं."

"का?"

"तुझ्या लायसन्ससाठी."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मी रस्त्याकडे. वॉली म्हणाला, "वीस मिनिटं म्हणजे अर्ध्याहून जास्त टायर." तक्रारीचा सूर नव्हता, नुसती नोंद. आणखी दहा किलोमीटर गेल्यावर म्हणाला, "तो नियम माझ्यासाठी कुणी मोडायचा नसतो. मी मोडला, मग तू मोडलास, मग डॅरिलने वहीत खोटं लिहिलं." त्यानंतर तो घर येईपर्यंत झोपला, किंवा डोळे मिटून बसला.

रविवारी मी चादर वेदीवर घातली. वॉली शेवटून दुसऱ्या बाकावर होता. पापांच्या कबुलीची प्रार्थना सगळ्यांबरोबर मीही म्हटली. ती दर रविवारी म्हणतो, पण त्या रविवारी वीस मिनिटं एवढंच डोक्यात होतं.

गुरुवारी मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. हात दाखवायचाच होता, म्हणून त्याने मला आतच बोलावलं. डॉक्टरांनी हाताची पट्टी बदलली आणि मग सवयीने म्हणाले, "चला, भिंतीवरची अक्षरं वाचा. तक्त्यावरची."

वॉली म्हणाला, "नको."

"म्हणजे?"

"तो तक्ता मला पाठ आहे. वरून खाली आणि खालून वर. दोन वर्षांपूर्वी बाहेर बसलो होतो तेव्हा दार उघडं होतं, हर्बने वाचून दाखवला. तुम्ही दुसरा तक्ता लावा."

डॉक्टरांकडे दुसरा तक्ता नव्हता. त्यांनी टेबलावरचं एक मासिक उचलून उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. वॉलीने मान तिरकी केली, इकडून, मग तिकडून. "काहीतरी काळं आहे," म्हणाला. "गाय असेल." तो ट्रॅक्टर होता.

डॉक्टरांनी कागदावर सही केली नाही. वॉलीने खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "रोस्लिनला मी फोन करू?"

"कर. म्हणावं खोली भाड्याने दे."

हे त्याने मनात आधीच ठरवलेलं होतं. आता टपालाची गाडी ट्रेव्ह नावाचा एक माणूस चालवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी जाताना, बुधवारी आणि शनिवारी परतताना तो वॉलीच्या फाटकासमोरून जातो. वॉलीने त्याला फोन करून विचारलं, "बुधवारी मला गावात आणायचं आणि शुक्रवारी घरी टाकायचं. जमेल?" मधले दोन दिवस तो आमच्याकडे राहणार होता.

"जमेल," ट्रेव्ह म्हणाला. "पण पत्त्याची चिठ्ठी लावावी लागेल तुला."

"लाव. पिल्लांच्या खोक्याशेजारी बसव, पण पावाच्या आधी उतरव."

रोस्लिन फोनवर रडली, मग रागावली, मग ईस्टरला येते म्हणाली. हे सगळं कितपत चालेल मला माहीत नाही. हिवाळ्यात त्या ओढ्यांना पाणी आलं की टपाल आठ-आठ दिवस अडतं. वॉलीला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुत्री मी त्याच्याकडे परत नेऊन सोडली. विटेने धरलेला जाळीचा कोपरा तसाच होता. वीट बाजूला घेतली, तर जाळी पुन्हा फडफडायला लागली. वॉली डाव्या हाताने डबा हलवून बघत होता.

आज मंगळवार. उद्या तो टपालाच्या गाडीने पहिल्यांदा गावात येणार आहे. त्याला जाळीसाठी पाव किलो बारीक खिळे घ्यायचे आहेत.